कानगोष्टींचा प्रचार : ब्रिटनमधील निवडणुका

इंग्लंडात 1872 पर्यंत मतदान गुप्त नव्हते. मतदाराने भर मांडवात अधिकाऱ्यासमोर आपल्या पसंतीच्या उमेदवाराचे नाव मोठ्याने उच्चारावे, आणि ते जमीनदाराने, कारखानदाराने व शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ऐकावे, अशी रीत होती. त्या वर्षीच्या कायद्याने मत गुप्त झाले. मताची याचना मात्र उघडच राहिली. उमेदवार चौकात उभा राहून बोले, विरोधक त्याला मध्येच अडवी, आणि सकाळी एका पेठेत दिलेले आश्वासन संध्याकाळी दुसऱ्या पेठेत नाकारण्याची सोय त्याला सहसा नसे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तेथील प्रचारात जो पालट झाला, त्याचे मर्म याच ठिकाणी आहे. मताबरोबर आता याचनाही गुप्त होऊ लागली आहे.

नवे साधन आले की प्रचाराची तऱ्हा बदलते, हे तेथे प्रथमच घडत आहे असे नव्हे. 1924 च्या निवडणुकीत पक्षनेत्यांना नभोवाणी प्रथम खुली झाली. पंतप्रधान रॅमसे मॅकडोनल्ड हे सभा जिंकणारे वक्ते. त्यांचे ग्लासगोच्या जाहीर सभेतील भाषणच ध्वनिक्षेपित करण्यात आले. परंतु सभेत रंगलेली ती वाणी घरात एकट्याने ऐकणाऱ्याला रुचली नाही. स्टॅन्ली बाल्डविन मात्र नभोवाणीचे प्रमुख जॉन रीथ यांच्या खोलीत बसून, शेकोटीपाशी जमलेल्या कुटुंबाशी बोलावे तसे बोलले. निवडणूक बाल्डविन यांनी जिंकली. पण तिचे श्रेय मायक्रोफोनला देणे धाडसाचे होईल. मतदानाच्या चार दिवस आधी, 25 ऑक्टोबरला, 'डेली मेल' पत्राने रशियन पुढारी झिनोव्हिएव्ह यांच्या नावाचे एक खळबळजनक पत्र छापले होते. ते बनावट होते असेच आज बहुतेक इतिहासकार मानतात. तेव्हा खोट्या बातमीचा जन्म इंटरनेटच्या पोटी झाला, ही समजूत खरी नव्हे. फरक एवढाच, की ते पत्र सर्वांसमोर छापले गेले होते, आणि मॅकडोनल्ड कशाला उत्तर देत आहेत हे साऱ्या देशाला दिसत होते.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत ब्रिटिशांनी आरंभापासून सावधगिरी बाळगली. पैसे देऊन राजकीय जाहिरात करण्यास तेथे नभोवाणीवर व दूरचित्रवाणीवर बंदी आहे; पक्षांना ठराविक वेळ विनामूल्य मिळतो, आणि वृत्तनिवेदनात निःपक्षपात पाळणे वाहिन्यांना बंधनकारक आहे. (वर्तमानपत्रांना हे बंधन नाही, आणि ती त्याचा लाभ मनसोक्त घेतात!) उमेदवाराच्या खर्चालाही 1883 पासून मर्यादा आहे. श्रीमंताने जागा विकत घेऊ नये, हा तिचा हेतू.

या दोन्ही तटबंद्यांना इंटरनेटने खिंडार पाडले. दूरचित्रवाणीवरची बंदी फेसबुकला लागू नाही. शिवाय तेथील पार्लमेंटचे बहुमत थोड्या अटीतटीच्या मतदारसंघांवर ठरते. एखाद्या मतदारसंघातील विशिष्ट वयाच्या, विशिष्ट वस्तीतील लोकांनाच एखादी जाहिरात दाखविणे या साधनाने शक्य झाले. अशा जाहिरातीत स्थानिक उमेदवाराचा पुरस्कार नसेल, तर तिचा खर्च उमेदवाराच्या खात्यावर न पडता पक्षाच्या राष्ट्रीय खात्यावर पडू शकतो. 2024 मध्ये 70000 मतदारांच्या ग्रामीण मतदारसंघात उमेदवाराला अखेरच्या टप्प्यात सुमारे 20000 पौंड खर्चता येत होते. पक्षाला मात्र प्रत्येक लढविलेल्या जागेमागे 54010 पौंडांची मुभा होती, आणि ती रक्कम हव्या त्या ठिकाणी ओतता येत होती. 1883 च्या कायद्याचे कलेवर राहिले आणि प्राण गेला, असे कोणी म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरणार नाही.

2015 मध्ये हुजूरपक्षाने फेसबुकवर सुमारे 12 लाख पौंड खर्च केले. मजूरपक्षाने अवघे 16000. नैऋत्य इंग्लंडमधील आपल्या सर्व जागा लिबरल डेमोक्रॅट पक्षाने त्या निवडणुकीत गमावल्या, आणि एक सोडून बाकी सर्व हुजूरपक्षाकडे गेल्या. हा सारा फेसबुकचा प्रताप म्हणता येणार नाही. कारण 2017 मध्ये हुजूरपक्षाने तेथे 20 लाख पौंडांहून अधिक खर्च केला आणि तरी बहुमत गमावले. मजूरपक्षाच्या तरुण पाठीराख्यांनी एकमेकांना फुकट धाडलेल्या चित्रफितींनी त्या वेळी पैशावर मात केली.

2019 मध्ये आणखी एक पायरी ओलांडली गेली. 19 नोव्हेंबरला बोरिस जॉन्सन व जेरेमी कॉर्बिन यांचा वाद दूरचित्रवाणीवर चालू असताना हुजूरपक्षाच्या वृत्तविभागाने ट्विटरवरील आपल्या खात्याचे नाव बदलून ते सत्यशोधन करणाऱ्या तटस्थ संस्थेचे वाटावे असे केले. ट्विटर कंपनीने समज दिली. परंतु प्रचारातील मजकुराचे नियमन करण्याचा अधिकारच निवडणूक आयोगाला नव्हता. असा वेषपालट एखाद्या वाहिनीने केला असता तर तिला जाब द्यावा लागला असता.

तेथील भारतीय वंशाच्या मतदारांनाही या कानगोष्टींचा अनुभव आला आहे. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकाला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून पार्लमेंटसाठी मत देता येते. केवळ पोर्तुगीज पारपत्रावर स्विंडनला जाऊन राहिलेल्या गोमंतकीयाला ते देता येत नाही, हा कायद्याचा एक चमत्कारिक खेळ. 2015 मध्ये हुजूरपक्षाच्या भारतीय हितचिंतकांनी हिंदी गाणे काढले, तेव्हा ते सर्वांनी ऐकले आणि हवे त्यांनी हसून घेतले. 2019 मध्ये मजूरपक्षाच्या परिषदेने काश्मीरविषयी ठराव केल्यानंतर त्या पक्षाला मत देऊ नका असे सांगणारे संदेश व्हॉट्सॲपवरून हिंदू कुटुंबांत फिरले. ठरावावर रोष असणे हा मतदाराचा हक्कच आहे. पण मूळ संदेश कोणाचा, हे वाचणाऱ्याला कळण्याची सोय नव्हती. आणि ज्याच्यावर आरोप, त्याला तो आरोप कोणी मुद्दाम दाखविल्याखेरीज दिसत नव्हता.

पूर्वी भिंतीवरच्या पत्रकाखालीदेखील प्रकाशकाचे नाव छापावे लागे. तोच नियम 2022 च्या कायद्याने इंटरनेटवरील प्रचारास लावला, आणि तो नोव्हेंबर 2023 पासून अमलात आला. पैसे देऊन केलेली जाहिरात आणि पक्षांचा व उमेदवारांचा मजकूर त्याच्या कक्षेत येतो. एखाद्या खाजगी गृहस्थाने आपल्या चुलतभावाला धाडलेला आणि तेथून हजारोंपर्यंत पोचलेला फुकटचा संदेश येत नाही. त्याला कक्षेत आणायचे, तर सरकारला लोकांच्या खाजगी पत्रव्यवहारात डोकवावे लागेल, आणि ते त्या देशाला मानवणार नाही.

4 जुलै 2024 च्या निवडणुकीत पक्षांनी टिकटॉककडे मोर्चा वळविला. तेथे राजकीय जाहिरातीला पैसे घेतले जात नाहीत. जे चटकदार, ते आपोआप पसरते. पुढे जुलै 2025 मध्ये सरकारने मतदानाचे वय 18 वरून 16 वर आणण्याचा मनोदय जाहीर केला. स्कॉटलंड आणि वेल्सच्या विधिमंडळांसाठी ते आधीच 16 आहे. पुढील सार्वत्रिक निवडणूक 2029 पर्यंत व्हावयाची आहे, आणि तीत प्रथम मत देऊ पाहणारी अनेक मुले आज शाळेच्या बाकावर आहेत. भर सभेत उठून उमेदवाराला प्रश्न विचारावा आणि शेजारी बसलेल्यांनी त्याचे उत्तर ऐकावे, हा प्रसंग त्यांच्यापैकी कितीजणांनी पाहिला असेल?