माळ घातली, आता ताटाचं काय?



आपला बीड जिल्हा माळकऱ्यांचा. पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाटला जन्मलेले भगवानबाबा (१८९६–१९६५) यांनी कीर्तनातून घरोघरी माळ पोहोचवली. माळ आली की मटण, मासळी, अंडी, दारू बंद. दारू सुटली याचा आनंद घरच्या लक्ष्मीला विचारावा! पण मटण-अंडी सुटल्यावर त्या जागी ताटात काय आलं, हे फारसं कोणी बघत नाही. पुष्कळ घरी उत्तर एकच: काही नाही. भाकरी आणि लाल चटणी.

पूर्वी ही अडचण कमी होती. शेतात तूर, मूग, मटकी, हुलगा असायचा. कडेला कारळ, जवस, अंबाडी. आता बांधापासून बांधापर्यंत सोयाबीन नाहीतर कपाशी. जी थोडी तूर होते ती मोंढ्यावर जाते, आणि उन्हाळ्यात तीच डाळ आपण दुकानातून पावशेर-पावशेर आणतो. मग आमटीत डाळ शोधावी लागते.

हिशोब करून बघा. माणशी रोज ६० ग्रॅम डाळ धरली तर पाच माणसांना ३०० ग्रॅम. वर्षाला एक क्विंटलच्या वर डाळ झाली. साल-चुरी जाते, म्हणून दीड क्विंटल कडधान्य घरात ठेवूनच बाकीचं विकावं. भाकरीत जे कमी असतं ते डाळीत असतं, डाळीत कमी ते भाकरीत. म्हणून दोन्ही एका ताटात हवीत.

सर्वांत जास्त झळ बाईला बसते. ती शेवटी जेवते. ऊसतोडीला गेलेल्या कोपीवर तर पहाटे तीनला भाकरी थापून फडात जायचं. डाळ शिजवायला ना वेळ, ना सरपण. तिथं एक युक्ती चालते. मटकी रात्री भिजत घाला, सकाळी फडक्यात बांधून टांगा. दुसऱ्या दिवशी मोड येतात आणि उसळ थोड्या जाळावर होते. निघतानाच मटकी, कारळाची व जवसाची चटणी, शेंगदाणे बांधून घ्या. ताटावर लिंबू पिळा, त्यानं अन्नातलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, तो लोह अडवतो.

चालताना धाप लागते, पापणी आतून पांढुरकी दिसते, तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली नको. गोळ्या मिळतात, माळ आणि गोळी यांचं काही वैर नाही. आणखी एक गोष्ट अशी की ब-१२ जीवनसत्त्व पालेभाजीत किंवा डाळीत नसतं. माळकऱ्याला ते दुधा-ताकातून मिळतं. तेव्हा सगळं दूध डेअरीला घालू नका, पोरांपुरतं तरी घरी राखा. जो दूधही सोडतो, त्यानं डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावीच.

एकादशीला साबुदाण्यानं पोट भरतं, बळ येत नाही. त्यापेक्षा भगर आणि शेंगदाण्याची आमटी बरी.

आता शेताकडे वळू. सोयाबीनच्या चार ओळींमागे दोन ओळी तुरीच्या घ्या. बदनापूरचा बीडीएन ७११ हा वाण लवकर येतो, आपल्या कमी पावसाला बरा. घरच्या भाकरीसाठी थोडी बाजरी पेराच. एएचबी १२०० या संकरित वाणात १०० ग्रॅमला सुमारे ७ मिलिग्रॅम लोह असतं, साध्या संकरित बाजरीपेक्षा बरंच जास्त. खरिपात कडेला अंबाडी व कारळ, रब्बीत ज्वारीच्या कडेनं जवस, बांधावर शेवग्याची दोन झाडं. शेवग्याचा पाला फेकू नका, भाजी करा. सोयाबीन घरात वापरायचं तर कच्चं दळू नये. उकळत्या पाण्यात २५ मिनिटं ठेवून, वाळवून, नऊ किलो गव्हात एक किलो मिसळून दळा.

बियाण्याची चौकशी अंबाजोगाईच्या किंवा गेवराई तालुक्यातल्या खामगावच्या कृषी विज्ञान केंद्रात मृगाच्या आधीच करा. आणि तुरीला पेरणीपूर्वी रायझोबियम चोळायला विसरू नका. चोळल्यावर बी सावलीतच सुकवा.