टी-शर्टवरची छपाई : मशीन आधी की ऑर्डर आधी?

(सामुदायिक रेडिओवरील भाषणाचा मजकूर)

मी बचत गटांना शिवणकाम आणि कापडावरच्या छपाईचं शिक्षण देते. हल्ली कुठल्याही गावात गेलं की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, टी-शर्टवर फोटो छापायचं मशीन घ्यावं का? कर्ज मिळतंय म्हणे." प्रश्न चांगला आहे, कारण कामाला मागणी आहे. गणपती मंडळाला टी-शर्ट लागतात, दिंडीला लागतात, दहीहंडीच्या पथकाला लागतात. लग्नातल्या हळदीलाही आता सगळी भावंडं नाव छापलेले शर्ट घालतात. पण कर्जाच्या कागदावर गटातल्या सगळ्याजणींची सही असते. म्हणून आज मशीन काय करतं ते आधी समजून घेऊ आणि मग घ्यायचं की नाही ते बोलू.

या छपाईला डीटीजी म्हणतात. डायरेक्ट टू गारमेंट, म्हणजे थेट तयार कपड्यावर छपाई. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रिंटर असतो, तो कागदावर शाईचे बारीक थेंब उडवतो. हेही तसंच आहे. फक्त कागदाच्या जागी एका सपाट पाटावर टी-शर्ट ताणून बसवायचा. वरून शाईचं डोकं इकडून तिकडे फिरतं आणि संगणकातलं चित्र जसंच्या तसं कापडावर उतरतं. ब्रदर, एप्सन, कॉर्निट अशा कंपन्या ही मशीनं बनवतात.

मग स्क्रीन प्रिंटिंगपेक्षा यात वेगळं काय? आपली रांगोळीची जाळी आठवा. जाळी ठेवली, वरून रांगोळी फिरवली की नक्षी उमटली. स्क्रीन प्रिंटिंगचं तत्त्व तेच. प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन करावी लागते. ती करायला वेळ आणि पैसा जातो, पण एकदा झाली की दोनशे शर्ट भराभर निघतात. डीटीजीला जाळीच नाही. त्यामुळे एकच शर्ट छापायचा असला तरी छापता येतो. प्रत्येक शर्टावर वेगळं नाव, वेगळा फोटो, पन्नास रंग असले तरी चालतं. मात्र पहिल्या शर्टाला जेवढा खर्च येतो, जवळजवळ तेवढाच शंभराव्यालाही येतो. म्हणून लक्षात ठेवा : एकच चित्र, एक-दोन रंग आणि शर्ट शंभर-दोनशे, तर स्क्रीन स्वस्त. शर्ट थोडे आणि चित्रं वेगवेगळी, तर डीटीजी.

आता कृती सांगते. चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी कापडाची. डीटीजीची शाई पाण्यातली असते आणि ती सुती कापडात छान मुरते. म्हणून शर्ट शंभर टक्के सुती घ्यावा. पॉलिस्टर जास्त असलेल्या कापडावर ही साधी शाई नीट धरत नाही, रंग फिके पडतात. कोरे सुती टी-शर्ट बहुतेक तमिळनाडूतल्या तिरुपूरहून येतात. घाऊक दुकानात घेताना नुसतं "कॉटन आहे का" विचारून थांबू नका, आतलं लेबल वाचा.

दुसरी पायरी तयारीची. अंगण सारवल्याशिवाय आपण रांगोळी घालत नाही. तसं काळ्या किंवा गडद शर्टावर छापण्याआधी एक पातळ द्रव सारखा फवारावा लागतो आणि गरम प्रेसखाली वाळवावा लागतो. या द्रवात क्षार असतात. दुधात लिंबू पिळलं की दूध लगेच फाटतं, तशी पांढरी शाई या क्षारांना लागली की जागच्या जागी घट्ट होते आणि कापडात जिरून न जाता वर राहते. द्रव कमी पडला तर पांढरा रंग मळकट दिसतो. जास्त झाला तर शर्टावर डाग दिसतो. हाताला हे बसायला सराव लागतो.

तिसरी पायरी छपाईची. काळ्या कापडावर हळद टाकली तर पिवळी दिसेल का? नाही. म्हणून गडद शर्टावर मशीन आधी पांढऱ्या शाईचा थर देतं, भिंतीला आधी चुना मारावा तसा. त्यावर रंग चढतात. पांढऱ्या शर्टाला हा थर लागत नाही. म्हणून पांढरा शर्ट स्वस्तात आणि लवकर होतो, काळ्याला शाई आणि वेळ दोन्ही जास्त लागतं. गिऱ्हाइकाला भाव सांगताना दोन्हीचा एकच भाव सांगू नका.

चौथी पायरी भाजण्याची. छापून झालेला शर्ट गरम प्रेसखाली किंवा भट्टीत पक्का करतात. साधारण १६० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. नेमकी किती आणि किती वेळ, ते शाईच्या कंपनीच्या पत्रकात लिहिलेलं असतं आणि तेच पाळायचं. भट्टीत घाई झाली की दुसऱ्याच धुण्यात रंग उतरतो, आणि बोल गटाला लागतो.

आता विक्रेता सहसा जे सांगत नाही ते ऐका. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड नावाची भुकटी असते. भिंतीच्या पांढऱ्या रंगातही तीच असते. ती जड असते. चुन्याचं पाणी ठेवून दिलं की चुना तळाला बसतो आणि वर निवळी राहते, तशी ही शाईही बसते. मशीनच्या डोक्याची छिद्रं आपल्या केसापेक्षा बारीक असतात. मशीन बंद पडून राहिलं की शाई त्या छिद्रांत सुकते. मग डोकंच बदलावं लागलं तर खर्च फार मोठा असतो. म्हणून शाई रोज हलवणं, डोकं रोज साफ करणं, थोडं तरी छापणं आवश्यक आहे. दुभत्या म्हशीसारखं आहे हे. सणाला दूध नको म्हणून त्या दिवशी धार काढायची नाही, असं चालत नाही.

हवेचाही प्रश्न आहे. फार कोरड्या हवेत शाई छिद्रावर सुकते. पावसाळ्यातल्या दमट हवेत फवारलेला शर्ट नीट वाळत नाही. धूळ तर अजिबात नको. आणि छापता छापता वीज गेली की तो शर्ट वाया जातो. तुमच्या गावात वीज किती वेळा जाते ते तुम्हालाच माहीत. मशीनच्या किमतीत बॅटरीचा खर्चही धरा.

आता हिशोब मांडू. हे आकडे फक्त रीत दाखवायला धरले आहेत. तुमच्या भागातले खरे भाव विचारून तुमचे आकडे घाला.

समजा एका गडद शर्टाला कोरा शर्ट १३० रुपये, शाई आणि द्रव ६०, वीज आणि पिशवी १०, बिघडणाऱ्या शर्टांसाठी १५ आणि छापणाऱ्या बाईची मजुरी २५. झाले २४० रुपये. विकला ३२० ला. हातात राहिले ८०. आता महिन्याचा बांधील खर्च बघा : कर्जाचा हप्ता १२,०००, जागेचं भाडं २,०००, साफसफाई आणि दुरुस्ती २,०००. एकूण १६,०००. १६,००० ला ८० ने भागा. उत्तर आलं २००. म्हणजे दर महिन्याला २०० शर्ट विकले तर कुठे खर्च भरून निघतो. नफा त्याच्या पुढे. आणि हे दर महिन्याला, पितृपक्षातसुद्धा आणि पेरणीच्या दिवसांतसुद्धा. हप्ता सण बघत नाही.

आता दुसरा रस्ता. मशीन घ्यायचं नाही. ऑर्डर आपण घ्यायची आणि शहरातल्या छापणाऱ्याकडून काम करून आणायचं. समजा शर्ट १३०, छपाईचे १२०, ने-आण आणि पिशवी २०. झाले २७०. ३२० ला विकला तर ५० उरले. प्रत्येक शर्टामागे कमी उरतं, हे खरं. पण महिन्यात ४० च शर्ट गेले तर या रस्त्याने २,००० रुपये गटाच्या हातात येतात. तेच ४० शर्ट स्वतःच्या मशीनवर केले तर ३,२०० सुटतात, पण बांधील खर्च १६,०००. म्हणजे १२,८०० रुपये खिशातून घालायचे.

मधला रस्ताही आहे. त्याला डीटीएफ म्हणतात. यात चित्र आधी एका पातळ फिल्मवर छापतात, वर डिंकाची भुकटी लावतात आणि ते गरम प्रेसने कापडावर चिकटवतात. छापलेली फिल्म शहरातून मागवता येते. गटाकडे फक्त हीट प्रेस असला तरी काम होतं. सुती आणि पॉलिस्टर दोन्हींवर ते बसतं. हाताला चित्र जरा प्लास्टिकसारखं लागतं, डीटीजीइतकं मऊ नसतं. पण सुरुवातीला जोखीम थोडी.

ऑर्डर घेताना चार गोष्टी सांभाळा.

एक. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो लहान होतो आणि छापल्यावर धूसर येतो. गिऱ्हाइकाला सांगा, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दहा इंच रुंद चित्र स्वच्छ यायचं तर त्याची रुंदी ३,००० ठिपक्यांच्या, म्हणजे पिक्सेलच्या, आसपास असावी.

दोन. मराठी अक्षरं संगणकात कधी कधी फुटतात. जोडाक्षराचे पाय मोडतात, वेलांटी भलतीकडे जाते. छापण्याआधी नमुना गिऱ्हाइकाला दाखवा आणि "बरोबर आहे" हे लिहून घ्या. निम्मे पैसे आगाऊ घ्या. एखाद्याच्या नावाचा शर्ट दुसरं कोणी विकत घेत नाही.

तीन. सिनेमातलं चित्र, कार्टून, मोठ्या कंपनीचं चिन्ह, हे परवानगीशिवाय छापून विकायचं नाही. त्याला कॉपीराइटचा आणि ट्रेडमार्कचा कायदा आहे. आपल्याकडे रांगोळ्या आहेत, गोधडीची नक्षी आहे, गटातल्या मुलींच्या हातात चित्रकला आहे. ते वापरा.

चार. प्रत्येक शर्टासोबत एक चिठ्ठी द्या : उलटा करून गार पाण्यात धुवा, दगडावर बडवू नका, ब्रश घासू नका, सावलीत वाळवा, इस्त्री आतून करा.

आणि तरीही मशीन बघायला जायचं ठरलं, तर दोघी-तिघी मिळून जा. आपला कोरा काळा शर्ट घेऊन जा आणि समोर छापायला सांगा. तो घरी आणून दहा वेळा धुवा, मगच बोला. विक्रेत्याला विचारा : डोकं बिघडलं तर नवीन कितीला? दुरुस्तीला माणूस कुठून येतो आणि किती दिवसांत? शाई दुसरीकडे मिळते का? शिकवायला किती दिवस येणार? उत्तरं तोंडी नकोत, कागदावर हवीत. तो कागद उमेदच्या किंवा माविमच्या तुमच्या ताईंना आणि बँकेतल्या साहेबांना दाखवा.

माझं म्हणणं एवढंच, मैत्रिणींनो. मशीन वाईट नाही. ज्या गटाकडे बारा महिने काम आहे, त्याला ते वर काढील. पण ऑर्डर आधी, मशीन नंतर. पुढच्या बैठकीत वहीचं एक पान घ्या. आपल्या पंचक्रोशीत शाळा किती, मंडळं किती, दिंड्या किती, लग्नं कोणत्या महिन्यांत, हे लिहा. सहा महिने दुसऱ्याच्या मशीनवर काम करून बघा आणि दर महिन्याचे शर्ट त्या पानावर मांडा. सर्वांत कमी विक्रीच्या महिन्यातही हप्ता निघतोय असं ते पान सांगेल, त्या दिवशी सही करा. तोवर पेन बाजूला ठेवा.