डोळे एवढे मोठे का?

रेडिओवरून चित्राबद्दल बोलणं म्हणजे फोनवरून मिसळीची तर्री वाढण्यासारखं आहे. तरी आज चित्राबद्दलच बोलायचं आहे, आणि चित्रही भिंतीवरचं किंवा प्रदर्शनातलं नाही, व्हिडिओ गेममधलं. घरातली मुलं, आणि हल्ली मुलांचे आईबापही, हातात कंट्रोलर घेऊन ज्या चित्रात तासन्‌तास वावरतात त्याच्याकडे कला म्हणून आपण बघतच नाही. बघितलंच तर दोनच शेरे मारतो. एक, ‘अगदी खरं वाटतं!’ आणि दुसरा, ‘हे काय, कार्टून!’ पहिला कौतुकाचा, दुसरा हिणवण्याचा. मराठीत एखाद्या माणसाला ‘कार्टून आहे नुसता’ म्हटलं की त्याची काय किंमत झाली ते सांगायला नको. या दुसऱ्या शेऱ्याशी माझं भांडण आहे. कार्टूनसारखं चित्र म्हणजे खऱ्यासारखं काढायला घेतलं आणि जमलं नाही म्हणून सोडून दिलं, असं नसतं. काय गाळायचं ते आधी ठरवून काढलेलं ते पुरतं चित्र असतं. आणि खेळात तर हे गाळणंच खेळणाऱ्याच्या उपयोगी पडतं.

उदाहरणासाठी फार लांब जायला नको, पुण्यापर्यंत गेलं तरी पुरे. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या मंडळींनी ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ नावाचा खेळ केला. 2017 साली त्यासाठी लोकवर्गणीचा प्रयत्न झाला, तो फसला. खेळ मात्र 2020 च्या ऑगस्टमध्ये आला आणि त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’च्या पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळालं. गोष्ट साधी आहे. राजी ही कसरती करणारी मुलगी. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर येतात आणि तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. ती त्याला शोधायला निघते. हातात दुर्गेने दिलेला त्रिशूळ, आणि वरून दुर्गा आणि विष्णू तिच्याकडे बघत आपापसांत बोलत असतात. चित्रांची धाटणी पहाडी लघुचित्रांवरून घेतलेली, वास्तू राजस्थानी वळणाच्या, आणि कथेचे दुवे सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेले.

खेळणाऱ्यांची मतं पाहिली तर या खेळाबद्दल दोन सूर ठळकपणे ऐकू येतात. चित्रांबद्दल जवळजवळ एकमुखाने वाहवा, आणि लढाईबद्दल कुरकुर: मारामारी हवी तितकी चपळ नाही, कॅमेरा आपल्या हातात नाही, खेळ लवकर आटोपतो, शेवट अर्ध्यावर सोडल्यासारखा वाटतो. यावरून बरेच जण निकाल देऊन मोकळे होतात की चित्र छान आहे, खेळ बेताचा आहे. म्हणजे चित्र ही वरवरची सजावट. हा निकाल मला पटत नाही. ही वाहवा आणि ही कुरकुर, दोन्ही बऱ्याच अंशी एकाच मुळातून आली आहेत. पहाडी चित्रात जागा कशी मांडतात ते आठवून बघा. पुढचं मोठं आणि मागचं लहान असा हिशेब तिथे काटेकोर नसतो. अंगण, गच्ची, झाडं, नदी एकमेकांच्या वर रचलेली असतात. रात्रीचा प्रसंग असला तरी माणसं लख्ख दिसतात. नजरेने सगळीकडे आरामात हिंडावं म्हणून ही सोय. आता अशा चित्राचा अनुभव द्यायचा तर कॅमेरा लांब आणि ठरलेल्या जागी ठेवावा लागतो, आणि मग राजी त्या महालासमोर मुंगीएवढी दिसते. दिसते तेव्हा सुंदरच दिसते. पण तिला एका कठड्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची असते, आणि उडीला खोली लागते. पुढचा कठडा किती लांब आहे हे अचूक कळावं लागतं. लघुचित्राने जे गाळलं तेच इथे हवं असतं. म्हणजे कुरकुर करणारे खोटं बोलत नाहीत. चित्राच्या एका खऱ्या अडचणीवरच त्यांनी नकळत बोट ठेवलं आहे. पण अडचण चित्र कार्टूनसारखं असल्याची नाही, एका कलेचा जागेविषयीचा नियम दुसऱ्या कलेत आणताना झालेल्या खटपटीची आहे. ज्यांनी ही खटपट केलीच नाही, त्यांच्यावर असा आक्षेप यायचाही नाही.

गाळणं खेळाच्या उपयोगी कसं पडतं याचा सगळ्यात सुरेख दाखला मात्र जपानचा आहे, आणि तो मिळाला म्हणजे माझं बोलणं तिथेच रेंगाळतं हे आधीच कबूल करतो. निन्टेन्डो कंपनीची ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ ही मालिका जगभर गाजलेली. 2000 सालच्या एका प्रदर्शनात कंपनीने नव्या यंत्राची ताकद दाखवायला छोटी चित्रफीत दाखवली. तीत नायक लिंक आणि खलनायक गॅननडॉर्फ यांचं द्वंद्व होतं, बरंचसं खऱ्यासारखं. चाहत्यांनी मनाशी ठरवून टाकलं की पुढचा खेळ असाच असणार. पुढच्या वर्षी, 2001 च्या ऑगस्टमध्ये, खरा खेळ दाखवला तर पडद्यावर बुटका, वाटोळ्या डोक्याचा, मांजरासारख्या मोठ्या डोळ्यांचा मुलगा! अंगावर छटा नाहीत. उजेड आणि सावली यांच्यामध्ये कात्रीने कापल्यासारखी रेघ. चाहते खवळले. कार्टूनच्या या ‘सेल शेडिंग’ तंत्राचं नाव जोडून ‘झेल्डा’चं ‘सेल्डा’ असं टोपणनावही पडलं. तो खेळ, ‘द विंड वेकर’, 2002 च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये आला आणि पुढच्या वर्षी इतरत्र.

आता ते डोळे बघा. एवढे मोठे का काढले? गोंडस दिसावेत म्हणून, हे सोपं उत्तर, आणि ते अर्धंच. लिंक चालत असताना जवळ काही महत्त्वाचं असलं, एखादी वस्तू, एखादा शत्रू, एखादं दार, तर त्याची नजर आपोआप तिकडे वळते. खेळणाऱ्याला पडद्यावर बाण दाखवावा लागत नाही की सूचना लिहावी लागत नाही. मुलगा कुठे बघतोय ते बघायचं आणि आपणही तिकडे बघायचं. हे लहान, खऱ्या मापाच्या डोळ्यांनी साधलं असतं का? कॅमेरा पाठीमागे, माणूस लांब. बुबुळ कुठे वळलं ते कुणाला दिसणार? तमाशातला सोंगाड्या भुवया उगाच रंगवत नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही भुवई उडालेली कळावी लागते. लिंकच्या डोळ्यांची गोष्ट तीच. वाऱ्याचंही तसंच. हा सगळा खेळ समुद्रावरचा, होडीतून बेटं शोधण्याचा, वारा फिरवण्याचा. खरा वारा दिसत नाही. इथे तो पांढऱ्या वळणदार रेघांनी काढला आहे, त्यामुळे शीड कुठे भरणार ते डोळ्यांनी कळतं. खऱ्यासारख्या चित्रात ती रेघ काढली असती तर ती बाहेरून चिकटवल्यासारखी दिसली असती. रेघांच्याच जगात ती घरची वाटते.

रेडिओवर बोलतो आहे म्हणून आवाजाचंही सांगून ठेवतो, कारण या खेळाची चर्चा करणारे बहुतेक जण डोळ्यांपाशीच थांबतात. लिंकच्या तलवारीचा वार शत्रूला बसला की नुसता खणखणाट होत नाही, वाद्यवृंदाचा एक ठोका पडतो. लागोपाठ वार बसले तर ठोके एकापाठोपाठ एक लागत जातात. मारामारी आणि संगीत यांच्यात भिंतच राहत नाही. वारा फिरवण्याची ती कांडीसुद्धा वाद्यवृंद चालवणाऱ्याच्या हातातल्या छडीसारखी. ती तालात हलवली तरच वारा ऐकतो. हुबेहूब खऱ्यासारख्या चित्रासमोर प्रत्येक वाराला असा ठोका वाजला असता तर हसू आलं असतं. चित्राने आधीच ‘हे सोंग आहे’ असं कबूल केलेलं असतं, म्हणून आवाजालाही सोंग घेण्याची मुभा मिळते.

यावर एक आक्षेप भक्कम आहे आणि तो टाळून चालणार नाही. खेळणाऱ्यांनी कौल दिला होता ना? या मालिकेचे प्रमुख एईजी आओनुमा यांनीच पुढे जाहीरपणे सांगितलं की अमेरिकेत विक्री मंदावली, कारण या चित्रांमुळे हा लहान मुलांचा खेळ आहे असा लोकांचा समज झाला. आणि म्हणून 2006 सालचा ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’ खऱ्यासारख्या, काळोख्या चित्रांचा केला. त्याची पहिली झलक दाखवली तेव्हा सभागृहात जल्लोष झाला होता. मग बाजाराने निकाल दिला, आता रसिकतेच्या गप्पा कशाला? उत्तर एवढंच की तो निकाल खेळून पाहण्याच्या आधीचा होता. समज झाला, असं आओनुमाच म्हणतात. अनुभव आला असं नाही. आणि समज बदलले. 2013 साली ‘विंड वेकर’ नव्या यंत्रासाठी पुन्हा काढला तेव्हा चित्राची धाटणी तीच ठेवली, फक्त चित्र अधिक स्वच्छ आणि उजेड अधिक मोकळा झाला, आणि दहा वर्षांपूर्वीचा खेळ नव्यासारखा वाटला. 2000 सालची ती खऱ्यासारखी चित्रफीत आज लावली तर कोणत्या वर्षाच्या यंत्राची आहे ते लगेच कळतं. खऱ्याची नक्कल पुढच्या वर्षीच्या नकलेपुढे जुनी पडते. रेघेला तशी शर्यत लावायचीच नसते. एक वर्तुळ आणि टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, एवढ्यावर वारली चित्रातला माणूस शतकानुशतकं नाचतो आहे, त्याचं काही जुनं झालेलं नाही.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा. देवाधर्माची गोष्ट, तीही असुरांच्या युद्धाची, अशा चित्रात सांगितली की तिचं गांभीर्य जातं, असं ‘राजी’बद्दल म्हणणारे आहेत. हे नाशिकमध्ये बसून म्हणायचं म्हणजे कठीणच आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढून पुढे इथेच येऊन चित्रपट करत राहिले. त्यांच्या 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके नावाचा एकच नट राम झाला आणि सीताही झाला. 1919 च्या ‘कालियामर्दन’मध्ये सुरुवातीला फाळक्यांची मुलगी मंदाकिनी आपल्यासमोर चेहऱ्यावरचे भाव बदलून दाखवते आणि मग कृष्ण होते. ही मुलगीच आहे हे आधी सांगायचं, आणि तरी कृष्ण मानायला लावायचं! त्याच फाळक्यांनी 1915 मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ या छोट्या चित्रपटात आगकाड्या हलवून दाखवल्या होत्या. खऱ्यासारखं दाखवण्याची त्यांना हौस नव्हती असं मुळीच नाही. पण प्रेक्षकाची श्रद्धा हुबेहूबपणावर टांगलेली नसते हे त्यांनी पुरतं ओळखलं होतं. त्याच्याही कितीतरी आधीपासून सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाचे कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर पाडून रामायण सांगत आले आहेत. तिथलेच परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. चामड्याचा रावण एका कडेनेच दिसतो, त्याचे ओठ हलत नाहीत, तरी दिव्यापुढे तो डोलू लागला की समोरचं पोर आईचा पदर धरतं. ‘राजी’तल्या सावल्या याच कुळातल्या. पुण्याच्या या मंडळींनी पिंगुळीकडे बघितलं की आणखी कुठे, हा प्रश्न वेगळा. सावलीची भाषा आपल्या लोकांना शिकवावी लागत नाही एवढं खरं.

उरला पैशांचा मुद्दा. लहान कंपनी, थोडी माणसं, मग हुबेहूब चित्र परवडणार कसं. म्हणून ही धाटणी, आणि तिला कला म्हणायचं! असेलही तसं. पिंगुळीच्या कलावंताला चामडं आणि दिवा सोडून काय परवडत होतं? शि. द. फडणीसांनी एकाच्या शर्टावर मांजरं आणि दुसरीच्या साडीवर उंदीर काढून अख्खी प्रेमकथा एका मुखपृष्ठात बसवली, त्याला तर रंग आणि कागदच लागला. तंगी असली की कलावंताला ठरवावं लागतं की काय ठेवायचं. ज्याला सगळंच परवडतं त्याच्यावर ही वेळ येत नाही, आणि कित्येक महागड्या खेळांत नायकाच्या दाढीचा केस न् केस दिसतो पण तो कुठे बघतो आहे ते कळत नाही. हे माझं मत जरा कडवट आहे, मान्य. पण केस मोजणारे खेळ बघून बघून ते तयार झालं आहे.

तेव्हा श्रोतेहो, घरात कुणी ‘राजी’ खेळत असेल तर थोडा वेळ शेजारी बसा. आधी निवेदन इंग्रजीतच होतं. नंतरच्या सुधारित आवृत्तीत हिंदीही आलं आहे, ते लावायला सांगा. वाटेत भिंतींवर देवांच्या कथांची चित्रं लागतात. खेळणारा घाईत असतो, त्याला पुढचा असुर दिसत असतो, त्यामुळे तो त्यांच्यासमोरून धावत जाईल. त्याला थांबवा. राजी भिंतीपाशी उभी राहिली की दुर्गा आणि विष्णू त्या चित्राची गोष्ट सांगायला लागतात, कॅमेरा लांबच असतो, आणि ती एवढीशी मुलगी तिच्याहून कितीतरी मोठ्या चित्राकडे बघत उभी राहते. तिचे डोळे लिंकसारखे मोठे नाहीत. ती कुठे बघते आहे ते तिच्या मानेवरून ओळखावं लागतं.