बाजरी दळा थोडी थोडी

बाजरीचं पीठ काही दिवसांतच कडवट का लागतं? बाजरीत सुमारे ५ टक्के स्निग्धांश असतो, गहू-तांदळापेक्षा जास्त. दाणा अखंड असतो तोवर तो टिकतो. दळल्यावर मात्र अंकुरातलं तेल आणि विकरं एकत्र येतात, हवा लागते आणि पीठ खवट होऊ लागतं. म्हणून बाजरी आठवड्यापुरतीच दळून आणावी. जुन्या पिठात नवं मिसळू नये.

ज्वारीचं दुखणं वेगळं. तिच्यात ग्लूटेन नसतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते; थापताना भाकरीच्या कडा चिरतात. अशा पिठाची उकळत्या पाण्यात उकड काढून ते चांगलं मळावं, भाकरी जमते. पण ताज्या पिठाची भाकरी परातीत सरसर फिरते, तव्यावर टम्म फुगते. तिचा गोडवा उकडीने येत नाही.