चाकाच्या पोटातील वीज

रात्रीच्या वेळी सायकलवरून लांबचा पल्ला गाठणाऱ्या माणसाला दिवा ही केवळ सोयीची वस्तू वाटत नाही. घाट उतरताना ताशी ४० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या सायकलचा दिवा अकस्मात मालवला, तर पुढचे वळण डावीकडे आहे की उजवीकडे, एवढा विचार करण्यापुरताही अवधी स्वाराला मिळत नाही. दिवा किती प्रखर आहे याहून तो किती भरवशाचा आहे, हा प्रश्न म्हणूनच त्याच्या लेखी मोठा.

डायनॅमो म्हटला की श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे टायरवर घासत फिरणारी ती छोटी बाटलीच उभी राहील. खटका दाबला की ती टायरला टेकायची, घर्र असा आवाज सुरू व्हायचा आणि पायडल एकाएकी जड व्हायचे. एरवी हौशीने मिरवायची ही वस्तू वापरली जाई ती बहुधा चौकातला पोलीस दृष्टीस पडल्यावर! पावसात मात्र तिचा खरा दोष उघड होई. ओल्या टायरवरून तिचे डोके घसरू लागे आणि जेव्हा दिव्याची गरज अधिक, नेमका तेव्हाच तो मिणमिणू लागे.

या बाटलीचे डोके जेमतेम दोन सेंटिमीटर व्यासाचे. सायकल ताशी २० किलोमीटर वेगाने चालली असताना त्याला मिनिटाला सुमारे पाच हजार फेरे घ्यावे लागतात. त्याच वेळी सायकलचे चाक मिनिटाला अवघे एकशे साठ वेळा फिरत असते. चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या तुंब्यातच डायनॅमो बसवण्याची कल्पना या तफावतीतून फायदा घेते. गती मंद, घर्षण नाही, घसरण्याचा प्रश्नच नाही. मात्र मंद गतीने पुरेशी वीज निर्माण करायची, तर चुंबकाचे ध्रुव पुष्कळ हवेत. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर या कारखान्याने १९३६ साली ‘डायनोहब’ बाजारात आणला, तेव्हा त्याच्या चुंबकाच्या कड्याला वीस ध्रुव होते. हा कारखाना आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेल्या रॅले सायकलच्या गोतावळ्यातलाच. डायनोहबचा पुढे रूढ झालेला नमुना ६ व्होल्ट, २ वॉटचा होता. उजेड बेताचाच, पण चाक फिरत आहे तोवर तो हमखास मिळे.

या यंत्राची रचना मोठी समंजस आहे. तारेचे वेटोळे स्थिर असते आणि चुंबक त्याच्याभोवती फिरतो. त्यामुळे वीज बाहेर आणण्यासाठी कोठेही घासणारा ब्रश लागत नाही, आणि जे घासत नाही ते झिजतही नाही. दुसरा गुण याहून मौजेचा आहे. वेग वाढला की विजेच्या प्रवाहाची दिशा अधिक झपाट्याने उलटसुलट होऊ लागते, आणि ती जसजशी झपाट्याने बदलते तसतसा वेटोळ्याचा स्वतःचाच विरोध वाढत जातो. परिणामी प्रवाह सुमारे अर्ध्या अँपिअरच्या पलीकडे फारसा जात नाही. उतारावर वेग दुप्पट झाला तरी दिवा जळून जात नाही, तो यामुळे. जुन्या काळी पुढचा बल्ब गेला की सगळा प्रवाह मागच्या बल्बावर लोटे आणि पाठोपाठ तोही जाई, हे खरे; आजच्या एलईडी दिव्यांनी ती कटकट बरीचशी संपवली आहे.

मग हा हब बिघडतो तरी कोठे? वीज निर्माण करणारा भाग क्वचितच दगा देतो. दगा देते ते पाणी. दिवसभराच्या उन्हात तापलेला हब एकाएकी पावसात सापडला, की आतली हवा थंड होऊन आकसते आणि बेअरिंगच्या फटीतून बाहेरचा ओलावा आत ओढून घेते. दर खेपेला थेंबभर. पण त्या थेंबाने छर्रे गंजतात. सह्याद्रीतील पावसाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे विल्फ्रीड श्मिट यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी आपला ‘सॉन’ हा हब तयार केला, त्याची कीर्ती लांबच्या प्रवासाचा हब म्हणूनच झाली. पुढील नमुन्यांत त्यांनी याच दुखण्यावर उपाय योजला: आतल्या हवेला बेअरिंगला वळसा घालून ये-जा करता येईल अशी बारीक वाट ठेवली. दाब बाहेर आणि आत सारखाच राहिला, की ओलावा शोषला जाण्याचे कारणच उरत नाही.

तथापि भरवशाला दुसरी बाजू आहे, आणि जाहिरातींत तिचा उल्लेख सहसा आढळत नाही. जुना डायनोहब साध्या पान्ह्यांनी उघडता येई आणि त्यात ग्रीस भरता येई. अर्थात तेथेही एक गोम होती. चुंबकाच्या कड्यातून आर्मेचर काढताना त्याच्या जागी लोखंडी कडे सरकवले नाही, तर चुंबकाची शक्ती ओसरे आणि चांगला हब जाणत्याच्या हातूनही कायमचा मंदावे. आजची चुंबके इतकी नाजूक नाहीत. पण आजचा हब घट्ट मिटलेला असतो. तो हजारो किलोमीटर बिनतक्रार चालेल, परंतु बिघडला तर गावातल्या सायकलच्या दुकानात दुरुस्त होणार नाही. नवा हब मिळालाच, तरी सगळ्या तारा उसवून चाक नव्याने बांधायचे आणि त्याचा आउट काढायचा. टायरला टेकणारी ती बाटली गरीब खरी. पण एक स्क्रू आवळला की ती पुन्हा कामाला लागे. दूरच्या मुलखात हा फरक लहान नव्हे.

भारतात ६०० किलोमीटरची ब्रेव्हे ४० तासांत पुरी करणारे स्वार आहेत. फ्रान्समधील पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १२०० किलोमीटरची फेरी कमाल ९० तासांत संपवावी लागते. रात्रीमागून रात्र सायकल चालवणाऱ्या अशा स्वारांना बॅटरी कधी संपेल याची धाकधूक नको असते, म्हणून ते हबकडे वळतात. दिव्यासाठीचा ३ वॉटचा भार पायांना थोडासाच जाणवतो. मोबाइल फोनही त्यावर भरून घेण्याची मनीषा मात्र चढावर फोल ठरते. ओझे लादलेली सायकल ताशी आठ किलोमीटरने घाट चढत असताना फोनच्या पदरी जवळजवळ काहीच पडत नाही.

शहाणा प्रवासी जोडीला एक लहानसा बॅटरीचा दिवा बाळगतो. मुक्कामी पोहोचल्यावर पुढचे चाक उचलून फिरवतो आणि चिमट्याला हात लावून खरखर जाणवते का ते पाहतो. कारण बेअरिंग सहसा आधी सूचना देऊनच जाते. वायर मात्र सूचना देत नाही. बहुतेक फसगत होते ती हबमध्ये नव्हेच, तर ॲक्सलजवळच्या त्या दोन टोकांत. अंधारात पंक्चर काढण्यासाठी चाक ओढले जाते, वायर काढायची राहते आणि तुटते. म्हणून आधी वायर सोडवायची, मग चाक. आणि चाक परत चढवल्यावर ते हाताने एकदा जोरात फिरवून, दिवा लुकलुकतो की नाही हे पाहिल्यावरच सायकलवर बसायचे.