रत्नागिरीचा कुणबी आणि मॉरिशसचा ऊस



चहात साखर घालताना ती कोणी पिकवली याचा विचार आपण सहसा करीत नाही. पण साखरेपायी आपल्या कोकणातली हजारो कुणबी-मराठा माणसे एकोणिसाव्या शतकात घरदार सोडून समुद्रापार गेली. त्यांच्यातली बरीच परत आलीच नाहीत. त्यांची पतवंडे आज मॉरिशस नावाच्या बेटावर राहतात, गणपती बसवतात आणि शाळेत मराठी शिकतात. या माणसांची हकीकत आज आपल्याला सांगायची आहे.

आधी बेट कुठे आहे ते पाहू. गुरुजी, वर्गातला नकाशा काढा. आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर हे मोठे बेट दिसेल. त्याच्याही पूर्वेला जो ठिपका आहे तो मॉरिशस. मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक लांब आणि आकाराने आपल्या पुणे जिल्ह्याच्या जेमतेम आठव्या हिश्श्याएवढा. माणसाची मूळ वस्ती तिथे नव्हती. 1598 साली डच लोक तिथे उतरले आणि त्यांनी आपल्या मॉरिस नावाच्या राजपुत्राचे नाव बेटाला दिले. पुढे 1639 साली जावा बेटावरून उसाचे बेणे त्यांनीच आणले. डच 1710 साली बेट सोडून गेले, ऊस मात्र राहिला. त्यांच्यामागून फ्रेंच आले, आणि 1810 साली बेट इंग्रजांनी घेतले. उसाचे मळे वाढत गेले. मळ्यांत राबत होते ते आफ्रिकेतून आणि मादागास्करहून धरून आणलेले गुलाम.

1835 च्या फेब्रुवारीत मॉरिशसमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली. मळेवाल्यांना प्रश्न पडला की आता ऊस तोडणार कोण? त्यांनी हिंदुस्थानाकडे नजर वळवली. 2 नोव्हेंबर 1834 रोजीच 'ॲटलस' नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून छत्तीस मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले होते. तिथून जी रीघ लागली ती विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालली. सुमारे साडेचार लाख माणसे गेली. बहुतेक बिहार-संयुक्त प्रांताकडची आणि मद्रासकडची. मुंबई बंदरातून गेलेली शंभरात सहा-सात भरतील, आणि त्यांत मोठा भरणा आपल्या रत्नागिरीकडच्या माणसांचा.

आता तुम्ही विचाराल, कोकणी माणूस मुळात गेला तरी कशाला? कुणी हौसेने काळे पाणी ओलांडीत नसतो. कोकणात त्या काळी खोती होती. जमीन कसायची कुळाने आणि वसूल न्यायचा खोताने. अर्धेलीच्या जमिनीत निम्मे भात खोताच्या खळ्यात जाई, वर वेठ करावी लागे ती वेगळीच. वरकस डोंगरउतारावर नाचणी-वरी पिके, ती पावसाळा संपेपर्यंतही पुरत नसे. एका भावाच्या वाट्याचे शेत चौघांत वाटले गेले की कुणाच्याच पोटाला पुरे पडत नसे. मग कोणी पलटणीत जाई, कोणी मुंबईला हमाली करी. मुंबईच्या धक्क्यावरच भरती करणारा दलाल भेटे. तो म्हणे, दर्याच्या पलीकडे एक बेट आहे, पाच वर्षे काम करा आणि पैसा गाठीला बांधून या. तिथे दगड उलथला की खाली सोने सापडते, अशी थाप दलाल मारीत असत, हे त्या माणसांचे वंशज आजही सांगतात.

त्या माणसाला एका कागदावर अंगठा उठवायला लावीत. इंग्रजीत त्या कागदाला ॲग्रीमेंट म्हणत. आपल्या लोकांच्या तोंडी त्याचे 'गिरमिट' झाले आणि अंगठा देणारा गिरमिट्या झाला. करार पाच वर्षांचा. पुरुषाला महिना पाच रुपये आणि वर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधा. खोताच्या अंगणात वेठीला राबणाऱ्याला रोख पाच रुपये काही थोडे वाटले नाहीत. पण कागदात आणि तिथल्या कायद्यात आणखीही काही होते, ते त्याला कोणी वाचून दाखविले नाही. एक दिवस कामावर गेला नाही तर मजुरी दोन दिवसांची कापायची. याला तिथे 'दुहेरी काट' म्हणत. ताप आला, पाय सुजला, तरी हिशेब तोच. परवानगीवाचून मळा सोडला तर भटक्या म्हणून तुरुंग. 1867 च्या कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरालाही आपला फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो घरी विसरून रस्त्यावर सापडला की शिपाई धरून नेई.

आता याच काळात दुसरीकडे काय चालले होते ते पाहा, म्हणजे फरक चांगला ध्यानात येईल. ज्या डच लोकांनी मॉरिशसमध्ये ऊस नेला, त्यांच्याच हॉलंड देशातले शेतकरी त्याच शतकात अमेरिकेला निघाले होते. 1845 साली तिकडे बटाट्यावर रोग पडला आणि गरिबाचे मुख्य अन्नच गेले. शिवाय 1834 साली काही लोक सरकारी चर्चमधून फुटून निघाले होते, त्यांना छळ सोसावा लागत होता. 1847 साली व्हान राल्टे नावाच्या धर्मोपदेशकाच्या मागे काही कुटुंबांनी मिशिगन प्रांतात हॉलंड नावाचे गाव वसविले. त्याच वर्षी स्कोल्टे नावाच्या दुसऱ्या धर्मोपदेशकाबरोबर आलेल्या सुमारे आठशे लोकांनी आयोवा प्रांतात पेला हे गाव वसविले. त्यांनाही सुख नव्हते. रान तोडावे लागले, दलदलीतल्या तापाने पुष्कळ माणसे दगावली. पण तो शेतकरी बायकापोरांसह गेला, गाववाल्यांबरोबर गेला, आपला धर्मगुरू घेऊन गेला. सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलरने विकत मिळत होती. पहिल्या दिवसापासून त्याची कुदळ स्वतःच्या जमिनीत पडली. ती जमीन तिथल्या मूळ रहिवाशांकडून घेतलेली होती, हेही इथे सांगितले पाहिजे.

आपला कोकणी माणूस बहुधा एकटाच गेला. प्रारंभीच्या जहाजांत बाया फारच थोड्या असत. इतक्या बाया पाठविल्याच पाहिजेत असा नियम सरकारला पुढे करावा लागला. त्याची कुदळ परक्याच्या मळ्यात पडली. दोघेही शेतकरी, दोघांनाही उपासमारीने घराबाहेर काढले. एक मालक होण्यासाठी गेला आणि दुसरा पाच वर्षे बांधला गेला.

तरीही श्रोतेहो, हा माणूस हरला नाही, आणि हकीकतीचा हाच भाग मला मोलाचा वाटतो. 1871 साली त्या बेटावरच्या 9,401 हिंदी लोकांनी राज्यपालाकडे एक अर्ज केला. अडॉल्फ द प्लेवित्झ नावाचा एक युरोपियन मळेवाला त्यांच्या बाजूने उभा राहिला, त्याने अर्ज लिहून दिला. मळेवाल्यांनी द प्लेवित्झचा छळ केला, पण अर्ज दाबता आला नाही. 1872 साली विलायतेहून चौकशी मंडळ आले. 1875 साली त्याचा अहवाल निघाला आणि 1878 साली मजुरांचा कायदा सुधारला. अर्जदारांतल्या बहुतेकांना सही करता येत नव्हती. पण आपले दुखणे कागदावर मांडायचे असते, एवढे त्यांना कळले होते.

दुसरी गोष्ट जमिनीची. युरोपात बीटापासून साखर होऊ लागली आणि उसाच्या साखरेचा भाव पडला. मळेवाल्यांना पैशाची चणचण झाली. 1870-80 नंतर ते आपल्या मळ्यांच्या कडेच्या, हलक्या जमिनी तुकडे पाडून विकू लागले. पाच रुपयांतून रुपया मागे टाकणाऱ्या, एखादी गाय पाळून दूध विकणाऱ्या माणसाने तो तुकडा घेतला. तिथे जमीन आर्पां या मापाने मोजतात, म्हणजे आपला साधारण एक एकर. कोकणात पिढ्यान् पिढ्या कसूनही जी जमीन कुळाची झाली नाही, ती समुद्रापार त्याच्या नावावर चढली. इकडे खोती कायद्याने जायला 1949 साल उजाडावे लागले.

1901 साली दक्षिण आफ्रिकेतून परतताना गांधीजींचा मुक्काम काही दिवस मॉरिशसमध्ये पडला. मुलांना शिकवा आणि राज्यकारभारात लक्ष घाला, असे त्यांनी तिथल्या हिंदी लोकांना सांगितले. लोकांनी ते मनावर घेतले. दिवसभर ऊस तोडून संध्याकाळी बैठकीत मुले-माणसे अक्षरे गिरवू लागली. 12 मार्च 1968 रोजी देश स्वतंत्र झाला. आज गणेशचतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. कोकणातली झाकडी तिथे अजून नाचतात. महात्मा गांधी संस्थेत मराठीचा स्वतंत्र विभाग आहे. घरात मात्र आता बहुतेक क्रियोल बोलतात. मराठी ही त्यांना प्रयत्नाने राखावी लागते. आणि 2 नोव्हेंबर हा दिवस ते गिरमिट्यांच्या आगमनाची आठवण म्हणून पाळतात. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर मजूर उतरत त्याला आप्रवासी घाट म्हणतात. 2006 साली युनेस्कोने तो जागतिक वारसा म्हणून नोंदविला.

आता कोणी म्हणेल, दीडशे वर्षांपूर्वीची कथा, आमच्या कामाची काय? तर मंडळी, जरा आपल्याच शिवारात पाहा. दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, अहिल्यानगर भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एक दिवस आजारपणात गेला की खाडा लागतो, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. दुहेरी काट आणि खाडा यांत तुम्हाला फार अंतर दिसते का? उचलीचा आकडा, तोडीचा टनाचा दर आणि फिटलेली रक्कम या तिन्ही गोष्टी कोठे लिहिलेल्या असतात आणि त्या कोण वाचतो? पुष्कळदा मुकादमाची वही हीच एक वही असते.

म्हणून दोन विनंत्या. उचल घेणाऱ्या बंधूंना पहिली. अंगठा किंवा सही करण्याआधी कागद घरच्या शिकलेल्या मुलाकडून किंवा गुरुजींकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि रोजच्या तोडीची नोंद आपल्या वहीत ठेवा. घरात शिकलेले कोणी नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घ्या. त्या 9,401 जणांनी हेच केले होते.

दुसरी विनंती गुरुजींना. टोळीबरोबर जाणारे मूल पटावरून नुसते कमी करू नका. आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात त्याची सोय होते का ते पाहा. मूल गेलेच तर ज्या गावी टोळी उतरली तिथल्या शाळेला कळवा. आणि टोळी तुमच्या गावी उतरली असेल तर फडावर जाऊन मुले शाळेत आणा.

एक काम रत्नागिरीकडच्या शिक्षकांसाठी मुद्दाम सांगतो. मॉरिशसच्या दप्तरात गिरमिट्यांच्या नोंदी जपलेल्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, गाव, अंगावरची खूण, आणि पुढच्या काळातल्या नोंदींना फोटोसुद्धा. पण गोऱ्या कारकुनाने ऐकू आले तसे गावाचे नाव लिहिले, त्यामुळे पणजोबाचे गाव शोधीत येणाऱ्या माणसाला ते नकाशावर सापडत नाही. तुमच्या गावात 'अमका दर्यापार गेला तो आलाच नाही' अशी आठवण एखाद्या म्हाताऱ्या माणसाजवळ असेल, तर मुलांकडून ती लिहून घ्या. गावाची, वाडीची जुनी नावे उतरून ठेवा. उद्या कोणी पाहुणा मोडक्या मराठीत आपल्या आडनावाचे घर विचारीत आला, तर त्याला पाणी देऊन ओट्यावर बसवा आणि ती वही त्याच्यापुढे ठेवा.