कागदावरचा वीर पडद्यावर जाताना



सुवर्णमहोत्सवी व्यासपीठावरून चित्रकथांवर बोलण्याचे आम्ही योजिले, तेव्हा काही ज्येष्ठांच्या भुवया उंचावल्या. तथापि दिल्लीकर मराठी घरांतील कित्येक मुलांनी रामदासांच्या आधी नागराज वाचला, ही वस्तुस्थिती आहे. मनगटांतून सर्प सोडणारा हा वीर १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सने आणला. परंतु त्याला दीर्घकाळ रूप दिले ते पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी. ‘अमर चित्रकथे’तील पौराणिक पुरुष रेखाटणारा तोच हात. हिंदी बोलणाऱ्या त्या वीराच्या दंडाला असे पुणेरी वळण होते!

असा वीर चालता-बोलता करावयाचा म्हणजे काय? बत्तीस पानांच्या पुस्तकात, पानाला पाच चौकटी धरल्या, तर एकशे साठ चित्रे होतात. चित्रपटात सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. म्हणजे सारे पुस्तक सात सेकंदांतच संपले! एकेका चित्राची दोनदा छायाचित्रे घेण्याची काटकसर केली, तरी दीड तासाला सुमारे पासष्ट हजार चित्रे लागतात. नागराजाच्या अंगावरील खवले तितक्या वेळा कोण काढणार? म्हणून हाताने काढलेल्या चित्रपटात रेषा कमी कराव्या लागतात, आणि मूळ चित्रकाराचे वैभव नेमके तेथेच हरवते.

संगणकाने ही अडचण पुष्कळ दूर केली. देह एकदा घडवावयाचा, आत सांधे बसवावयाचे, मग कळसूत्री बाहुलीप्रमाणे तो हलवावयाचा. दिल्लीच्याच ‘लोटपोट’मधील मोटू-पतलू २०१२ मध्ये असे दूरचित्रवाणीवर आले, आणि २०१६ मध्ये ‘मोटू पतलू : किंग ऑफ किंग्ज’ हा चित्रपट झाला. दिग्दर्शक सुहास कदव. मोटूला अलौकिक जन्मकथा नाही. समोसा पोटात गेला की बळ येते. आमच्या मते बालवीराला एवढे कारण पुरे.

मात्र एक गोष्ट आम्हांस बोचते. चौकटीतील वीर मुका असतो. आजोबा हिंदी फुगा पाहून नातवाला मराठीत वाचून दाखवीत, आणि त्या घरापुरता नागराज मराठी होई. पडद्यावरील वीर स्वतःच बोलतो. आजोबांना बोलण्यास जागाच उरत नाही. दिल्ली, नॉयडा, गुडगाव येथे विखुरलेल्या आपल्या घरांत मराठी बोलण्याचे प्रसंग आधीच मोजके. त्यांतील हा एक गेला.

म्हणून मंडळाच्या मुलांनी एखादी चित्रकथा मराठी आवाजांत स्वतः पडद्यावर आणावी, अशी आमची सूचना आहे. भाषांतर आणि रूपांतर हे दोन्ही हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने मूळ धन्याकडे राहतात, तेव्हा आधी लेखी अनुमती घ्यावी. सरकारी सेवेतील माणसाकडून दुसरे काय ऐकावयास मिळणार? अनुमती मिळाली, तर घसीटारामाने वऱ्हाडीत बोलावे की सातारी बोलीत, यावर कार्यकारिणीत आताच दोन पक्ष पडले आहेत.